पानिपतच्या धुक्यात काळा चष्मा

१८ जानेवारी, रविवार. सकाळी सहाला मयूर विहार फेज वनमधून मंडळाची बस सुटली. पानिपतला काला अंब पाहिलं. परतीच्या वाटेवर मुरथलला जेवलो. अंधार पडायच्या आत घरी. दिवसभर धुकं. नवा चष्मा वापरला.

माझ्या मते प्रवासवर्णन इथेच संपलं. पण या ब्लॉगवर आजवर सुनंदा, म्हणजे माझी बायको, लिहायची आणि तिच्या वाचकांना एवढ्यावर भागत नाही. माझ्याकडे फोटो काढणं आणि टोलच्या पावत्या सांभाळणं ही खाती होती. गेल्या ऑगस्टमध्ये ती गेली. त्यानंतरही 'काकू, नवीन पोस्ट कधी?' असं लोक खाली विचारत राहिले. त्यांना उत्तर द्यायला हवं म्हणून लिहितो आहे. तिच्यासारखं जमणार नाही. ती बस सुटायच्या आधीच तीन परिच्छेद लिहून मोकळी व्हायची.

दिल्लीतली मराठी मंडळी काला अंबला का जातात, हे नव्या वाचकांना सांगायला हवं. पानिपतची तिसरी लढाई जिथे झाली, तिथे स्मारक आहे. १४ जानेवारीला तिथे फार गर्दी असते, म्हणून आमचं मंडळ त्याच्या नंतरच्या रविवारी जातं. अर्धे निवृत्त, अर्धे निवृत्तीला आलेले, झाडून सगळे केंद्र सरकारच्या नोकरीतले. पराभवाच्या जागी इतक्या उत्साहाने डबे घेऊन जाणारी दुसरी मंडळी मला माहीत नाहीत.

यंदा जायचा माझा विचार नव्हता. मंडळाच्या सहली पाटणकर वहिनी काढतात. त्यांचा फोन आला.

"भाऊजी, अठराला पानिपत. तुमचं नाव लिहिलंय."

"बघतो, वहिनी."

"बघू नका. मी विचारत नाहीये, सांगतेय. स्वेटर दोन घाला."

माझी अडचण थंडीची नव्हती. मी चार लोकांत रडलेलो नाही. स्मशानात नाही, तेराव्यालाही नाही. घरी जे काय ते. पण या बसमध्ये दर वर्षी ती माझ्या शेजारी बसायची, आणि बाहेर कुठे रडू कोसळायचं असेल तर ते याच बसमध्ये, हे मला पक्कं ठाऊक होतं. बसमधून उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही. म्हणून ठरवलं, काळा चष्मा घ्यायचा. माझ्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे आणि त्याला ऊन टोचतं. कुणी विचारलं तर सांगायला कारण तयार होतं.

मी एकतीस वर्षं एका मंत्रालयाच्या खरेदी विभागात काढली. कुठलीही वस्तू हवी असेल तर आधी इंडेंट, म्हणजे मागणीपत्र येतं. त्यात 'कशासाठी हवी' असा रकाना असतो. तो रकाना मोघम भरलेला दिसला की मी फाइल परत पाठवायचो. खुर्च्या हव्यात? बसायला की बैठकीला? विभागात माझ्यामागे मला काय म्हणत, ते मला माहीत होतं.

तर शुक्रवारी आमच्या बाजारातल्या अरोडाजींच्या चष्म्याच्या दुकानात गेलो. अरोडाजींना ग्राहक एकटा सापडला की ते चहा मागवतात.

"सनग्लास चाहिए? बिल्कुल. पहले बताइए अंकल, ॲक्टिव्हिटी क्या है?"

"मतलब?"

"मतलब करते क्या हैं धूप में? ड्राइव्हिंग? तो ग्रे. ग्रे में रंग सच्चे दिखते हैं, लाल बत्ती लाल, हरी बत्ती हरी. साइकल, गोल्फ, क्रिकेट? तो ब्राउन, उसमें गड्ढा और गेंद दोनों उठ के दिखते हैं. मछली पकड़ते हैं?"

"नहीं."

"पकड़ते तो पोलराइज्ड देता. पानी की, गीली सड़क की चमक काट देता है. स्कीइंग?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. माझं वय एकसष्ट, अंगात दोन स्वेटर आणि डोक्याला माकडटोपी.

"आजकल सब करते हैं, अंकल," ते म्हणाले.

एक गोष्ट त्यांनी नीट समजावली, ती वाचकांसाठी लिहून ठेवतो. काच किती काळी आहे आणि ती डोळ्यांचं किती रक्षण करते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अतिनील किरण अडवणारी काच पांढरीही असू शकते. उलट फुटपाथवरची नुसती काळी काच जास्त वाईट, कारण अंधार वाटून बाहुली मोठी होते आणि नको ते किरण आत जास्त शिरतात. म्हणून आधी यूव्ही फोर हंड्रेड लिहिलंय का ते बघायचं, रंग नंतर. काळेपणाचे शून्य ते चार असे दर्जे असतात. रोजच्या उन्हाला तीन पुरतो. चार बर्फात आणि उंच पहाडात; तो घालून गाडी चालवायची नाही.

हे सगळं ऐकून घेतल्यावर मी मला हवं ते विचारलं.

"बाहर से कितना दिखता है?"

"एकदम क्लियर, अंकल. लगा के देखिए."

"अंदर से नहीं. बाहर से. सामनेवाले को मेरी आँख कितनी दिखेगी?"

अरोडाजींनी चहाचा कप खाली ठेवला. "बाहर से आपको कौन देख रहा है, अंकल?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मला खरं सांगता आलं नाही. मी म्हणालो, "कुछ नहीं. वॉक करता हूँ."

"वॉक! पहले बोलना था यार." त्यांनी लगेच खण उघडला. "फोटोक्रोमिक ले जाइए. घर में सफेद, पार्क में काला, वापस घर में सफेद. आपका नंबर भी इसी में डाल दूँगा. एक में सब."

त्यांनी दुकानाच्या बाहेर नेऊन दाखवलं. दुपारचं ऊन होतं. काच बघता बघता काळी झाली. आरशात माझे डोळे अजिबात दिसत नव्हते. मी लगेच हो म्हटलं. शनिवारी संध्याकाळी चष्मा तयार झाला. 'एक में सब' असं लिहिलेल्या वस्तूची फाइल मी नोकरीत एकदाही पास केली नव्हती.

सहा वाजता बसपाशी पोचलो तर धुक्यात बसच सापडेना. पाटणकर वहिनींच्या आवाजाच्या दिशेने गेलो. आमची जागा डावीकडची तिसरी रांग. मी खिडकीशी बसलो. शेजारची जागा रिकामी. बस भरत गेली, मागे लोक मांडीवर डबे घेऊन दाटीवाटीने बसले, पण त्या जागेकडे कुणी फिरकेना. कुणीतरी तिच्यावर मटार करंज्यांचा डबा ठेवला. वहिनींनी नुसतं बघितलं. डबा उचलला गेला. मग सगळी बस दाटलेली आणि मधे एक रिकामी सीट.

शेवटी शेखसाहेब उठले. हे मूळचे सोलापूरचे, रेल्वेतून निवृत्त झाले, सोसायटीत आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. रोज पहाटे सायकल चालवतात आणि त्या नादात चष्म्यांचे जाणकार झाले आहेत. खिशात दोन आणि डोक्यावर एक असे तीन चष्मे त्यांच्याकडे कायम असतात.

"दिवेकर, सरका. मागे हाडं खिळखिळी होतायत," असं म्हणून ते सरळ बसले. बसमधल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

दर वर्षी दिल्ली संपून हरियाणातल्या कुंडलीची हद्द आली की सुनंदा माइक हातात घ्यायची आणि पानिपतची लढाई सांगायची. ती बेताने सांगायची. तिच्या हिशेबात पानिपतच्या अलीकडचं समालखा येईपर्यंत मराठे जिंकत असायचे आणि मग पानिपतचा उड्डाणपूल दिसेपर्यंत बस हळूहळू शांत व्हायची. यंदा माइक पाटणकर वहिनींकडे होता. त्यांना इतिहास येतो, पण धीर नाही. कुंडलीलाच मराठ्यांचा पराभव झाला. पुढे पन्नासएक किलोमीटर बाकी होते. वहिनींनी माइककडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चलो, मग अंताक्षरी."

लोक हसले. मीही हसलो आणि त्या हसण्यातच डोळे भरून आले. वेळ हीच, म्हणून मी खिशातून नवा चष्मा काढून लावला आणि काचेकडे तोंड केलं. बाहेर अजून उजाडलं नव्हतं. खिडकीत माझा चेहरा दिसला. चष्मा पाण्यासारखा स्वच्छ, आत दोन्ही डोळे, हवे तर मोजून घ्या.

"फोटोक्रोमिक घेतलात?" शेखसाहेबांनी वाकून पाहिलं. "बसमध्ये तो हलायचा नाही. त्याला अतिनील किरण लागतात, ते गाडीच्या काचेतच अडतात. ड्रायव्हर लोक म्हणून हा घेत नाहीत. दुकानदाराला काय सांगितलंत?"

"वॉक."

"मग त्याची काही चूक नाही."

त्याची नव्हतीच. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधली. ती सुटली नव्हती. समालख्यापर्यंत मी दोन्ही बुटांच्या नाड्या बऱ्याचदा बांधल्या.

रस्त्याबद्दल: जीटी रोड सगळा रुंद आणि चांगला आहे, पण जानेवारीत पहाटे निघणं मूर्खपणा आहे. आम्ही तो दर वर्षी करतो. तुम्ही फेब्रुवारीत जा. पानिपतचा उड्डाणपूल अर्ध्यात सोडून सनौली रोडला लागायचं. पुढे सांभाळून, पाटी चटकन दिसत नाही. धुक्यात पिवळी काच लावावी असं बरेच जण म्हणतात. शेखसाहेबांनी त्यांची पिवळी मला लावून दाखवली. धुकं पिवळं दिसलं. ट्रक तेवढाच उशिरा दिसला. वेग कमी करणं हा एकच उपाय आहे, असं शेवटी तेही म्हणाले.

काला अंबला उतरलो तेव्हा सूर्याचा पत्ता नव्हता. बाग, कमान, मधला स्मारकाचा खांब, सगळं पांढऱ्यात बुडालेलं. थंडी अशी की बोलायला तोंड उघडलं तर दात वाजायचे. चष्मा लावून मी दहा पावलं चाललो असेन आणि मला काही दिसेना. आधी वाटलं धुकं वाढलं. मग चष्मा वर करून पाहिला. काचा कोळशासारख्या काळ्या झाल्या होत्या. धुक्यातूनही अतिनील किरण येतात आणि थंडीत ही काच उन्हाळ्यापेक्षा जास्त काळी होते, हे मला नंतर कळलं. म्हणजे बसमध्ये हवा होता तेव्हा पांढरा, आणि जिथे चार हातांवरचा माणूस दिसत नव्हता तिथे काळा मिट्ट.

तरी मी तो काढला नाही. खांबाजवळ सुनंदा दर वर्षी मिनिटभर उभी राहायची. तिथे जायचं होतं.

तेवढ्यात कुणीतरी माझा कोपर धरला.

"काका, इथं पायरी आहे. सावकाश. हां, आता उजवा पाय."

तिशी-पस्तिशीची बाई होती. तासगावहून रेल्वेने पंचवीस जण आले होते, त्यांतली. धुक्यात काळा चष्मा, हात पुढे करून चालणारा म्हातारा, तिने जो अर्थ लावायचा तो लावला. मी सांगणार होतो. पण ती इतक्या आपुलकीने घेऊन चालली होती की सांगायची वेळ एकदा गेली ती गेलीच.

"एकटेच आलात?" तिने विचारलं.

"हो. म्हणजे बस आहे."

"मी सांगते तुम्हाला सगळं. आता आपण खांबापाशी आलो. उंच आहे बरं का. भोवती लोखंडी कठडा आहे, हात लावा, गार आहे. इथं आधी आंब्याचं झाड होतं म्हणे, त्याचा रस काळा निघायचा. आता झाड नाही."

"समोर काय आहे?" मी विचारलं. का विचारलं, माहीत नाही. मी दर वर्षी सुनंदाला हेच विचारायचो. माझं लक्ष कॅमेऱ्यात असायचं.

तिने समोर पाहिलं. "खरं सांगू का काका? समोर धुकं आहे. तुमचं काही बघायचं राहत नाहीये."

आम्ही दोघं तिथे उभे राहिलो. काचा काळ्या होत्या, लोक दूर होते, कुणाला काही कळलं नसतं. रडायला याहून सोयीची जागा मिळाली नसती. पण मी आंधळा असल्यासारखं उभं राहण्यात इतका गुंतलो होतो की रडूच आलं नाही.

मग धुक्यातून शेखसाहेब आले. डोळ्यांवर पोलराइज्ड काळा चष्मा, हातात मोबाइल आडवा धरलेला.

"दिवेकर, मोबाइल गेला. स्क्रीन काळी पडली. जरा बघा."

मी मोबाइल घेतला, पाहिला आणि म्हणालो, "चालू आहे. तुमचा चष्मा पोलराइज्ड आहे. उभा धरा, दिसेल." हे अरोडाजींनी दाखवलं होतं. मग सवयीने त्या दोघांचा खांबासमोर एक फोटोही काढला.

फोटो निघेपर्यंत ती हसत होती. मग हसायची थांबली.

"काका, तुम्हाला दिसतं?"

"हो."

"मग बोलला का नाही?"

"तुम्ही छान सांगत होता."

तिने माझ्याकडे आणि शेखसाहेबांकडे आळीपाळीने पाहिलं. "दिल्लीचे लोक," ती म्हणाली आणि आपल्या माणसांना हे सांगायला पळाली. धुक्यातून पंचवीस जणांचं हसू ऐकू आलं.  शेखसाहेबांना एक प्रश्न विचारायचा होता, हे दिसत होतं.

मुरथलला दोनच्या सुमारास पोचलो. ढाबा कुठलाही निवडा, पराठा तोच. आलू-प्याजचा सांगा, दोन पुरतात, तिसरा मागवू नका. पांढरं लोणी न मागता येतं. एका माणसाचं अडीचशेत पोटभर होतं. स्वच्छतागृह चांगलं हवं तर मोठ्या ढाब्यावरच थांबा.

बसमधून उतरून ढाब्यात शिरेपर्यंत पार्किंग ओलांडावं लागतं. तेवढ्यात काचा पुन्हा काळ्या झाल्या. आत गेलो तर अंधार. मी एका अनोळखी कुटुंबाच्या टेबलावर जाऊन बसलो. त्यांनी नम्रपणे लोणचं पुढे केलं. शेखसाहेबांनी दंड धरून मला आमच्या टेबलावर आणलं.

पराठे यायच्या आधी पाटणकर वहिनींनी माझ्यापुढे एक स्टीलचा डबा ठेवला. घरात माणूस गेलं की वर्षभर सण करायचा नाही, गोड करायचं नाही, ते दुसऱ्यांनी आणून द्यायचं, ही आपली रीत. त्यामुळे यंदा माझ्या घरी तिळगूळ नव्हता.

"घ्या भाऊजी. सुनंदाच्या पद्धतीचा केलाय."

सुनंदाच्या पद्धतीचा म्हणजे काय, हे बसमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तिचा पाक दर वर्षी पुढे जायचा. तिचा तिळाचा लाडू दाताने फुटत नसे. मी तो स्वयंपाकघरात खलबत्त्यात घालून फोडायचो आणि ती म्हणायची, "अहो, डोळे सांभाळा, कण उडतात." मंडळात त्या लाडवावर पुष्कळ विनोद झाले. एका साहेबांनी दाताच्या डॉक्टरचं बिल आणून दाखवलं होतं.

मी लाडू तोंडात घातला आणि चावला. तो फुटला नाही.

"मुद्दाम घट्ट केलाय पाक," वहिनी म्हणाल्या. "दोनदा बिघडला. म्हणजे दोनदा चांगला झाला. तिसऱ्यांदा कुठे जमला तिच्यासारखा."

मग जे व्हायचं ते झालं. पण मी निश्चिंत होतो. चष्मा काळा होता, मी ढाब्यात शिरताना भिंतसुद्धा दिसत नव्हती. मान ताठ ठेवली, हात टेबलावर ठेवले, आवाज होऊ दिला नाही आणि लाडू गालात धरून बसलो. समोरच्यांना वाटेल म्हातारा लाडू चघळतो आहे.

थोड्या वेळाने मला वाटलं, ढाब्यात दिवे वाढवलेत. वहिनींच्या साडीचा रंग हिरवा दिसायला लागला. मग लोण्याची वाटी दिसली. मग भिंतीवरचा मेनू वाचता यायला लागला. गोभी पराठा, मूली पराठा. एवढं स्वच्छ का दिसतंय, हा विचार करत मी मेनूवरून नजर खाली आणली, तर टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघत होते आणि कुणी खात नव्हतं.

काच घरात सफेद होते. अरोडाजींनी सांगितलं होतं. ऊब मिळाली की हळूहळू पडदा वर जातो.

 शेखसाहेबांनी डोक्यावरचा पोलराइज्ड चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि माझ्यापुढे धरला.

"हा घाला. हा आतपण काळा राहतो."

मी माझा काढून त्यांचा लावला. त्यांचा नंबर माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त. मला समोरचे चेहरे दिसेनात आणि त्यांना माझे डोळे. दोन्ही पक्षांची सोय झाली.

"दुकानात हे सांगितलं असतंत तर," शेखसाहेब हळूच म्हणाले, "त्याने पहिल्या मिनिटात योग्य चष्मा दिला असता."

"मी एकतीस वर्षं लोकांच्या फाइली ह्याच कारणाने परत पाठवल्या," मी म्हणालो.

पहिल्यांदा वहिनी हसल्या. मग सगळे. वहिनी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "लोणी घ्या भाऊजी, वितळतंय." पराठे आले. मी तिसरा मागवला. करायला नको होतं, वर लिहिलंय ते त्यामुळेच.

परतीच्या बसमध्ये नेहमीचा साधा चष्मा लावला. सगळ्यांचं बघून झालं होतं. कुंडली मागे पडल्यावर वहिनींनी माइक माझ्यापुढे केला आणि मी नको म्हटलं. मग त्यांनी तो शेखसाहेबांना दिला. शेखसाहेबांनी लढाई उलट्या दिशेने, म्हणजे पानिपतहून दिल्लीकडे सांगितली. त्यामुळे दिल्लीतला मुकरबा चौक आला तेव्हा मराठे नुकतेच दिल्ली जिंकत होते. बसने टाळ्या वाजवल्या. हा प्रकार सुनंदाला सुचला नव्हता. आवडला असता.

उतरताना शेखसाहेबांना चष्मा परत द्यायला गेलो. ते म्हणाले, "राहू दे. पुढच्या महिन्यात तेरा तारखेला तिचा वाढदिवस येतो ना, तेव्हा लागेल. नंतर द्या." आणि जिना चढून गेले.

कुणी विचारलंच तर सांगतो. गाडी चालवायला करडी काच. सायकलला तपकिरी. ओल्या रस्त्याला, पाण्याकाठी पोलराइज्ड, पण फोटो काढायचे असतील तर मोबाइल उभा धरा. बागेत फिरायला फोटोक्रोमिक उत्तम आहे, बस आणि ढाब्यासाठी नाही. दुकानदार कशासाठी हवा असं विचारतो तेव्हा तो चौकशी करत नसतो. त्याला खरं सांगा. काला अंबला जरूर जा. समोर काय आहे हे सांगणारं कुणीतरी बरोबर असू द्या. नसेल तर तिथे भेटतं.

घरी आल्यावर चहा केला. डब्यातला एक लाडू काढला आणि खलबत्त्यात ठेवला. फोटोक्रोमिक चष्मा लावला, कारण कण उडतात. ट्यूबलाइटखाली त्याच्या काचा अगदी स्वच्छ राहतात. या कामाला तो योग्य निघाला. मग लाडू फोडला.